सोळा टनांची पाटी

पहाटे ४:३०

वायुवेग पथकाची गाडी दाराशी येते तेव्हा गल्लीत दूधवाल्याखेरीज कोणी नसतं. जानेवारी आहे, कृष्णाकाठची थंडी आहे. गाडी चालवणारे मामा माझ्यापेक्षा वयानेही थोरले आणि नोकरीनेही. ई-चलानचं मशीन, त्याची जादा बॅटरी, टॉर्च, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी आदेशाची प्रत एवढं सामान घेतलं की आम्ही निघतो. आदेशाची प्रत मी सगळ्यांत वर ठेवते, कारण पहिला प्रश्न तिच्यावरूनच येतो: ‘मॅडम, असा आदेश हाय कुठं?’

मी मोटार वाहन निरीक्षक. आरटीओ म्हटलं की लोकांना लायसन्सची परीक्षा आणि गाडीचं पासिंग आठवतं. पण उसाच्या आणि बांधकामाच्या या दिवसांत माझा बराचसा वेळ एका जुन्या पुलाच्या तोंडाशी जातो. इतक्या पहाटे निघायचं कारण म्हणजे खडीच्या गाड्या उजाडायच्या आत निदान एक खेप टाकून घेतात. आठ वाजता गेलं तर पुलावर एसटी, दुधाचे टेम्पो आणि शाळेची पोरं भेटतात. जिच्यासाठी जायचं ती गाडी केव्हाच पलीकडे उतरून गेलेली असते.

५:१५

फाट्यावर रस्ता दुभंगतो. डावीकडे राज्यमार्ग आणि नवा पूल. उजवीकडे ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा जुना पूल. जुन्या पुलावरून गेलं की चौदा किलोमीटर वाचतात. खेपेवर काम करणाऱ्या माणसाला चौदा किलोमीटर म्हणजे डिझेल आणि वर अर्धा तास.

उजव्या रस्त्याच्या तोंडाशीच पाटी आहे. लाल वर्तुळात १६ आकडा, खाली मराठीत ‘पूल कमकुवत आहे. १६ टनांपेक्षा जास्त वजनाच्या वाहनांस बंदी. वेग ताशी २० कि.मी.’ मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते, आणि कलम ११६ प्रमाणे तशी पाटी लावावी लागते. महिन्याहून अधिक काळाची बंदी असेल तर ती राजपत्रात यावी लागते. हे सगळं झालेलं आहे. आदेशात पुलासोबत दोन्ही बाजूंचे जोडरस्तेही घेतले आहेत, म्हणून गाडी पुलावर चढायच्या आधीच तिला अडवता येतं. आदेश लिहिणाऱ्या माणसाने ही एक ओळ विचार करून घातली, याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे. ती नसती तर गाडी कमानीवर जाईपर्यंत मला हातावर हात धरून बसावं लागलं असतं.

पाटीच्या पुढे लोखंडी आडवी कमान रोवली आहे, उंच गाड्या अडवायला. पण पलीकडच्या तीन गावांना एसटी हवी. एसटी जायची तर कमान तेवढी उंच ठेवावी लागते, आणि जिथून एसटी जाते तिथून खडीचा टिपरही आरामात जातो. कडब्याची गाडी मात्र अडकते. कडबा दिसायला डोंगराएवढा असतो, पुलाला त्याचं ओझं होत नाही. खडी ठेंगणी आणि जड. उंचीवरून वजन ओळखायचा प्रयत्न इथे फसतो, आणि म्हणून आम्ही इथे उभे असतो.

६:१०

दहा चाकी टिपर. दिवे बारीक करून येतो. माझा सहकारी टॉर्च हलवतो, गाडी थांबते. फाळक्याच्या फटीतून पाणी गळतंय, म्हणजे आत धुतलेली क्रश सँड आहे, ओली. ड्रायव्हर पंचविशीचा असेल. खाली उतरून आधी चपला घालतो.

‘किती भरलंय?’

‘सहा ब्रास, मॅडम.’

‘वजन किती होतंय?’

‘वजन न्हाई ठाव. सहा ब्रास हाय.’

‘मागं पाटी वाचली का?’

‘वाचली की. सोळा टन. पर आपली गाडी अठ्ठावीस टन पासिंगची हाय न्हवं?’

तो खोटं बोलत नाही, हे मला आता अनुभवाने कळतं. त्याच्या लेखी ‘पासिंग’ हा गाडीचा हक्क आहे. आरसी बुकात एकूण वजन २८,००० किलो लिहिलंय, म्हणजे २८ टनांपर्यंत कुठेही जाता येतं, अशी त्याची पक्की समजूत. गाडीला किती पेलतं हा एक आकडा आणि पुलाला किती पेलतं हा निराळा, हे त्याला लायसन्स काढताना कोणी समजावून सांगितलेलं नसतं. ही गाडी नियमाप्रमाणे भरलेली असती तरी या पुलावर ती बेकायदाच ठरली असती.

दुसरा घोळ मापाचा आहे. क्रशरवर माल मिळतो ब्रासमध्ये, गौण खनिजाच्या पासवर लिहिला जातो ब्रासमध्ये, गिऱ्हाईक पैसे देतं ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पुलाची पाटी बोलते टनांत. मध्ये गणित करायचं कोणी? खडी असो की क्रश सँड, ब्रासला साधारण साडेचार टन धरावेत, ओली असेल तर वजन आणखी चढतं. सहा ब्रासचे सत्तावीस टन झाले, त्यात रिकाम्या टिपरचे अकराएक मिळवा. एवढा हिशेब पहाटे सहाला, अंधारात, पाटीसमोर ब्रेक न लावता करायचा असतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पाओली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लिक क्रीक ओढ्यावर १८८० सालचा लोखंडी पूल होता, त्यावर सहा टनांची पाटी होती. २५ डिसेंबर २०१५ रोजी नवखी ट्रकड्रायव्हर बाटलीबंद पाण्याचा ट्रक घेऊन त्यावर चढली. नुसतं पाणीच ४३,००० पौंड होतं. पूल ट्रकसकट खाली बसला. पाटी तिला दिसली होती, पण सहा टन म्हणजे किती पौंड हे उमगलं नाही, असं तिने पोलिसांना सांगितलं. तिच्यावर गुन्ह्याची नोटीस निघाली. ती बातमी मी वाचली तेव्हा मला हसू आलं नाही. माझ्यासमोर उभा असलेला पोरगा तेच म्हणत असतो, पौंडाच्या जागी ब्रास एवढाच फरक.

७:००

डोळ्यांच्या अंदाजावर दंड करता येत नाही, वजन करावं लागतं. कलम ११४ सांगतं की जादा वजनाचा संशय असेल तर गाडी काट्यावर न्यायला लावता येते, पण तो काटा पुढच्या मार्गावरच्या कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत हवा, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत. आता या ड्रायव्हरचा ‘पुढचा मार्ग’ तर पुलावरून जातो. वजन करण्यासाठी पूल ओलांडू द्यायचा? मी त्याचा पुढचा मार्ग म्हणजे त्याला परवानगी असलेला मार्ग, असा अर्थ घेते. नव्या पुलाच्या रस्त्यावर सहा किलोमीटरवर खासगी वजनकाटा आहे, तिकडे गाडी वळवते.

काट्यावर गेल्यागेल्या वैधमापनचा शिक्का बघायचा, तो चालू सालचा हवा. मग प्लॅटफॉर्म मोकळा असताना पडद्यावर शून्य आहे का ते बघायचं. मग गाडी चढते. इथे डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं, कारण मागचं एक चाक प्लॅटफॉर्मच्या कडेवर राहिलं तरी वजन घसरतं. मी टिपरभोवती पूर्ण फेरी मारते, दहाही चाकं आत आहेत ना बघते. क्लीनर खाली उतरतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. गळणाऱ्या पाण्याची धार प्लॅटफॉर्मच्या फटीत जात असते आणि पडद्यावरचा आकडा थोडा थोडा हलत असतो. तो स्थिर झाला की बटण दाबतात. छापून आलेली पावती म्हणते ३८,०२० किलो.

पोरगा पावती हातात घेऊन दोनदा वाचतो. एवढं ओझं घेऊन रोज कमानीवरून जातोय, हे त्याला खरोखरच आज कळत असतं.

८:१५

चलान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. आरसीपेक्षा दहा टन जास्त, म्हणजे वीस अधिक वीस, चाळीस हजार. त्यात कलम ११५ चा भंग वेगळा नोंदवायचा. गाडी थांबवली नाही, वजन करू दिलं नाही किंवा वजनाआधी माल वाटेत पाडला तर चाळीस हजारांचा दंड वेगळाच आहे. हा पोरगा थांबला, काट्यावर आला, म्हणून त्याला ते लागत नाही. मी त्याला हे सांगते, कारण थांबण्याचा फायदा त्याच्या कानावर गेला पाहिजे.

पण दंडापेक्षा जास्त लागणारी गोष्ट पुढे असते. रस्तासुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की मालगाडीत जादा माल असेल तर ड्रायव्हरचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं. दंडाची रक्कम मालक भरतो, पुढच्या खेपांतून वसूलही करतो. तीन महिने घरी बसतो तो ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी त्याच टिपरवर दुसरा पोरगा असतो, त्याच क्रशरवर, त्याच सहा ब्रासना. मला या नोकरीत सगळ्यांत जास्त टोचतं ते हे. माल किती भरायचा ते त्याने ठरवलेलं नसतं. लोडरवाला बकेट ओतत असतो आणि हा केबिनमध्ये बसलेला असतो. ‘कमी भर’ म्हणाला तर उद्या चावी दुसऱ्याच्या हातात.

कायद्याचे शब्द मात्र नीट वाचण्यासारखे आहेत. कलम १९४ गाडी चालवणाऱ्याबद्दल जेवढं बोलतं तेवढंच ती तशी चालवायला लावणाऱ्याबद्दल आणि चालवू देणाऱ्याबद्दलही बोलतं. हे दोन शब्दप्रयोग कागदावर पडून राहतात, कारण रस्त्यावर हाताला लागतो तो ड्रायव्हर. मी चलानावर मालकाचं नाव घालतेच. त्याशिवाय पासवरून माल कुठे भरला ते उतरवून घेते.

९:३०

मालकाचा फोन. ‘मॅडम, मी त्याला सांगितलं होतं, जुन्या पुलावरनं जाऊ नकोस म्हणून.’ पोरगा शेजारीच उभा, फोन स्पीकरवर. तो मान खाली घालतो, काही बोलत नाही. मी मालकाला विचारते, खेपेमागे किती देता आणि नव्या पुलावरून गेलं तर वेगळे किती देता. फोनवर शांतता. नव्या पुलाचे वेगळे पैसे नाहीत.

मग त्यांचं नेहमीचं म्हणणं येतं की केंद्र सरकारनेच २०१८ मध्ये वजन वाढवून दिलंय. दिलंय, खरं आहे. तीन आसांच्या गाडीला पंचवीस टन होते ते साडेअठ्ठावीस झाले, एका आसाला १०.२ टनांचे ११.५ झाले. पण त्या अधिसूचनेने गाड्यांच्या मर्यादा वाढल्या, पुलांच्या कमानी जाड झाल्या नाहीत. आणि साडेअठ्ठावीस म्हणजे अडतीस नव्हे.

जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगते. कायदाच तसं म्हणतो, उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावर टाकतो. दंड भरून तेच ओझं पुढे न्यायची सवलत पूर्वी काही राज्यांत चाले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात ती मोडून काढली. माझ्या मते वाहतुकीच्या कायद्यातला हा फार मोलाचा निकाल आहे. पैसे भरले म्हणून पुलावरचं वजन कमी होत नाही, एवढी साधी गोष्ट त्याने मान्य केली. मालक रिकामी गाडी आणि लोडर पाठवतो म्हणतात. दुपार होईल.

११:००

तोवर मी पुलाखाली उतरते. सार्वजनिक बांधकामचे शाखा अभियंता आलेले असतात. पाणी कमी आहे, दगडांवरून पलीकडच्या खांबापर्यंत जाता येतं.

वरून हा पूल धडधाकट दिसतो. खाली उभं राहून वर पाहिलं की कमानीच्या दगडांच्या सांध्यांतून उतरलेले चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात. पावसाचं पाणी वरच्या भरावातून झिरपतं आणि सांध्यातला चुना विरघळवून घेऊन येतं. एका सांध्यातून पिंपळाचं रोप बाहेर आलंय. कठड्याखालची भिंत बाहेरच्या बाजूला किंचित फुगलीय. आतला भराव चाकांखाली दबतो आणि बाजूला ढकलतो, त्याची ही खूण.

अभियंता मला भेगेपाशी नेतात. भेगेवर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरने बसवलेली, प्लास्टरवर तारीख कोरलेली. भेग हलली तर काच तडकते. जुनी रीत आहे, पण खोटं बोलत नाही. अशा चार पट्ट्या आहेत. तीन शाबूत, कमानीच्या पाव अंतरावरची एक मधोमध तडकलेली. ‘इथंच तडकणार,’ ते म्हणतात. दगडी कमान सगळीकडून सारखी दाबली गेली तर पिढ्यानपिढ्या टिकते. तिला सोसत नाही ते एका बाजूला, पाव अंतरावर, एकाच जागी पडलेलं जबर ओझं. टिपरचं बहुतेक ओझं मागच्या दोन आसांवर असतं आणि ते आस एकमेकांना खेटून असतात. त्यात वेग आला, खड्ड्यात चाक आपटलं की कमानीला बसणारा दणका उभ्या वजनापेक्षा मोठा असतो. पाटीवर ताशी वीसची मर्यादा त्यासाठीच आहे.

मी विचारते, सोळाच का? ते म्हणतात, हिशेबात थोडं जास्तही बसत होतं, पण भरलेली एसटी साधारण तेवढ्यात येते, तिच्यापुढे कशाला जायचं.

महाडजवळच्या सावित्री पुलाची आठवण दोघांनाही असते. १९२८ सालचा दगडी पूल, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या घेऊन. तो वजनाने पडला नव्हता, पुराने पडला. पण तेव्हापासून राज्यातल्या जुन्या पुलांकडे पाहायची नजर बदलली, तपासण्या झाल्या, पाट्या लागल्या. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, तिथे ट्रक नव्हता, माणसांची गर्दी होती. चार जण गेले. धोक्याची पाटी तिथेही होती. पाटीशेजारी माणूस नसेल तर काय होतं, हे मी तेव्हापासून कोणाला वेगळं समजावत नाही.

१:३०

झाडाखाली भाकरी, खर्डा, मामांच्या घरचं दही. ड्रायव्हर पोराला आम्ही बोलावतो. तो आढेवेढे घेतो, मग बसतो. त्याच्या मोबाइलमध्ये गुजरातच्या गंभीरा पुलाचा व्हिडिओ आहे, जुलै २०२५ चा, तुटलेल्या कडेवर लटकलेला टँकर. ‘त्यो ड्रायव्हर वाचला का, मॅडम?’ विचारतो. टँकरवर त्याने बोट ठेवलेलं असतं.

२:३०

दुपारी फाट्यावर उसाचे ट्रॅक्टर. एकामागे दोन ट्रॉल्या, पाचट लोंबतंय, गाणी जोरात. इथे वाद जास्त होतो, कारण ऊस म्हणजे सगळ्या गावाचा जिव्हाळा. तोडीला उशीर झाला की शेतकऱ्याच्या उसाचं वजन घटतं, टोळीचा खोळंबा होतो, वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात. कुणालाच कमी भरून चालत नाही. ट्रॅक्टर आणि दोन भरल्या ट्रॉल्या मिळून सोळा टनांच्या कितीतरी पुढे जातात.

पण उसाच्या बाबतीत वजन कोणालाच माहीत नाही असं म्हणायला जागा नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन नोंदलं जातं, वेळेसकट, गाडीच्या नंबरासकट. शेतकऱ्याचं बिल त्यावरच निघतं. म्हणजे जादा भरलेल्या प्रत्येक गाडीचा लेखी पुरावा रोज तयार होतो आणि तो शोधायला रस्त्यावर उभं राहायची गरज नाही. तो कागद पुलाच्या कामासाठी कोणी वाचत नाही, एवढंच. मला रात्रीच्या गस्तीपेक्षा त्या पावत्यांचा एक दिवसाचा गठ्ठा जास्त उपयोगी पडेल.

आज ट्रॅक्टरवाल्यांना मी नव्या पुलाकडे वळवते. दोघे वळतात. तिसरा भांडतो, गावातली चार माणसं जमतात, एक म्हातारेबाबा मला समजावतात, ‘पोरी, आमच्या आज्यापासनं ह्याच पुलावरनं ऊस जातोय.’ मी त्यांना विचारते, आज्याच्या वेळी कशातनं जायचा? ‘बैलगाडीनं,’ ते म्हणतात, आणि मग तेच ट्रॅक्टरवाल्याला म्हणतात, ‘जा रं, वळीव.’

४:४५

लोडर आला, रिकामी गाडी आली. काट्याच्या आवारात माल या गाडीतून त्या गाडीत. ओली क्रश सँड पत्र्याला चिकटते, फावड्याने खरवडावी लागते. क्लीनर वर चढून खरवडतो. पुन्हा काटा: २७,७८० किलो. आरसीच्या आत. पुलाच्या मात्र कितीतरी वर. म्हणून मी ड्रायव्हरला समोर उभं करून सांगते की ही गाडी आता रस्त्यावर चालते, जुन्या पुलावर चालत नाही, आणि त्याच्याकडून ते उलट वदवून घेते. ‘नव्या पुलावरनं,’ तो म्हणतो. लायसन्सबद्दल विचारतो. निलंबनाची शिफारस मला करावीच लागेल, ती मी करते. त्याने सहकार्य केलं, माल दुसऱ्याने भरला होता, त्याला वजन सांगितलं नव्हतं, हेही त्याच कागदावर लिहिते. निर्णय घेणाऱ्यासमोर ते आलं पाहिजे.

७:३०

ऑफिस. दिवसाचा अहवाल. गाड्या, वजनं, कलमं, रकमा हा भाग मशीनमधून आपोआप उतरतो. त्याखाली अभिप्रायाची जागा आहे, बहुतेक वेळा ती ‘निरंक’ म्हणून जाते. मी तिथे लिहिते: गौण खनिजाच्या पासवर ब्राससोबत अंदाजे टन छापण्याबाबत महसूल विभागाला कळवावं, कारखान्यांकडून काट्याच्या नोंदी मागवाव्यात, कमानीच्या पाव अंतरावरची काचपट्टी तडकली आहे, बांधकाम विभागाचं पत्र सोबत जोडलं आहे.

मग चलानाच्या प्रतीकडे वळते. ‘वाहन चालवणारा’ या नावापुढे पोराचं नाव आहे. त्याखाली ‘चालवावयास लावणारा किंवा चालवू देणारा’ अशी ओळ मी हाताने वाढवते, तिथे मालकाचं नाव लिहिते, पासवरून उतरवलेलं क्रशरचं नाव लिहिते, दोघांना खुलाशाची नोटीस काढण्याची शिफारस करते आणि फाइल वर पाठवते.